मोटेच्या जागी सुपारी

वहिनी, तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजी बाजूला सरले न सरले तोच आला, दोन घास घेतले आणि उडाला. गोदाकाठी जमलेल्या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाले, "बाई तृप्त गेली. काही मागं राहिलं नाही तिचं." तुमच्या यजमानांनी, आमच्या दादांनी मान हलवली. तुमच्या संजूने उपरण्याने डोळे पुसले. मला मात्र तुमचा राग आला. मागं काही राहिलं नाही म्हणजे काय? आपलं भांडण राहिलं की! इतकी वर्षं पुरवून पुरवून भांडलो, आणि तुम्ही ते अर्ध्यावर टाकून निघून गेलात. दीर काय म्हणतो ते ऐकायला त्या कावळ्याला जरा तरी थांबवून धरायचं.

थोरली भावजय आणि धाकटा दीर यांना भांडायला हजार विषय असतात. आपलं भांडण एका मोटेवरून होतं. आबा, म्हणजे माझे वडील आणि तुमचे सासरे, मखमलाबादच्या मळ्यात विहिरीवर ज्या चामड्याच्या मोटेनं बैल जुंपून पाणी ओढायचे, ती मोट. ती संग्रहालयाला द्यावी, असं मी म्हणालो. तिथं ती एक ना एक दिवस उपाशी राहील, असं तुम्ही म्हणालात. एवढंच भांडण. पण तुम्ही कधी माघार घेतली नाहीत आणि मीही घेतली नाही, कारण दोघंही एकाच मळ्यातलं पाणी प्यालेलो.

खरं तर लोकांना वाटेल की उलट असायला हवं होतं. संग्रहालयांचं वेड तुम्हाला होतं, मला नव्हतं. मी अंबडच्या कारखान्यात लेथवर उभा राहणारा माणूस. जे फिरतं ते यंत्र, जे थांबलं ते भंगार, एवढं माझं शास्त्र. तुम्ही वणीकडच्या, सातवीत शाळा सुटलेल्या, आणि लग्न होऊन आलात त्या थेट झेंडूच्या आणि शेवंतीच्या वाफ्यांत. पण जुनं घर दिसलं की तुमचे पाय वळायचे.

सुरुवात चांदवडला झाली. मी नोकरीत कायम झालो, स्कूटर घेतली, आणि त्याच वर्षी चांदवडला एका लग्नाला तुम्हाला मागे बसवून गेलो, कारण दादा मळा सोडून कुठं यायचे नाहीत. लग्नाला वेळ होता. मी म्हटलं, चला, रंगमहाल बघू. दाराशी तुम्ही चपला काढल्यात. तिथला राखणदार हसून म्हणाला, "बाई, हे देऊळ नाय, चपला राहू द्या." तुम्ही म्हणालात, "देऊळ नसंल, पण कुणाचं तरी घर तर हाय ना? कुणाच्या घरात मी चपला घालून जाऊ?" तो बिचारा दारातून बाजूला झाला. मग आत लोक माना वर करून भिंतीवरची चित्रं आणि खांबांवरची नक्षी बघत होते, आणि तुम्ही जमीन बघत होता. बराच वेळ बघून मला म्हणालात, "भाऊजी, एवढं सारवायचं कोण हो?"

तेव्हापासून तुमची ती सवयच झाली. कुणाही थोरामोठ्याचं जतन करून ठेवलेलं घर असो, तुम्ही तिथं पाहुणी म्हणून जायचात. आधी चूल कुठं ते बघायचं, मग पाणी कुठून आणत असतील ते विचारायचं, मग न्हाणीघर. त्या थोर माणसाची पगडी, तलवार, लेखणी सगळ्यात शेवटी. नगरकडच्या एका सरदाराच्या घरात दोरी लावून ठेवलेला पलंग होता. वर गादी, उशी, सगळं नीटनेटकं. तुम्ही दोरीजवळ उभ्या राहून म्हणालात, "उन्हात घालत असतील का हो गादी?" 'हात लावू नये' ही पाटी तुम्ही इमानानं पाळायचात, दोन्ही हात पाठीमागं बांधून. तोंडाला मात्र पाटी नव्हती. पाट्या-वरवंट्यापासून पाळण्यापर्यंत सगळ्यांशी बोलत फिरायचात. "किती घासलीस गं बाई," असं एका जात्याला म्हणताना मी तुम्हाला ऐकलंय.

पुण्याच्या संग्रहालयाबाहेर तुमच्या चपला चोरीला गेल्या, ते आठवतं का? आत अडकित्तेच अडकित्ते, दिवेच दिवे. तुम्ही इतक्या खूश होऊन बाहेर आलात आणि पायरीवर चपला नाहीत! मी तणतणलो. म्हटलं, शंभरदा सांगितलं, इथं कुणी चपला काढत नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "देवळाबाहेरूनच चपला जातात, भाऊजी. म्हणजे झालं की नाय हे देऊळ?" आणि अनवाणी, ऐटीत, एस.टी. स्टँडपर्यंत चालत आलात. घरी ही गोष्ट तुम्हीच सगळ्यांना सांगत सुटलात, जणू बक्षीस मिळालं होतं.

आणि ती हात तुटलेली देवी. नाशकातच, जुन्या मूर्ती मांडल्या होत्या तिथं. तुम्ही अंबाड्यातलं शेवंतीचं फूल काढून तिच्या पायाशी ठेवलंत. रखवालदार धावत आला, फूल उचलून त्यानं तुमच्या हातात परत दिलं, वर चार शब्द सुनावले. तुम्ही ते फूल डोळ्यांना लावून पुन्हा केसांत खोचलंत आणि मला म्हणालात, "देवीनं परसाद दिला." यावर तो रखवालदार हसला, तो आपण जाईपर्यंत हसत होता. आमची ही म्हणायची, तुम्हा दीर-भावजयीला वेड लागलंय. दादा म्हणायचे, "जातात दोघं, मेलेल्या माणसांकडं पाहुणचाराला." पण रविवारी सकाळी स्कूटरची टाकी भरलेली आहे की नाही, हे तेच बघायचे.

तर अशा तुम्ही. आणि पंचवटीत एका जुन्या दुमजली घराची डागडुजी करून चार लोकांनी आपल्या भागाचं संग्रहालय सुरू केलं, त्यांच्या विद्या मॅडम आपल्या मळ्यात आल्या, गोठ्यात खुंटीला टांगलेली आबांची मोट त्यांनी मागितली, तेव्हा मला वाटलं, वहिनी आत्ता उठून टेम्पो बोलावतील. तुम्ही चहाचा कप मॅडमच्या हातात दिलात आणि म्हणालात, "नाय हो ताई. ती नाय द्यायची."

मॅडम गेल्यावर मी तुमच्यावर उखडलो. लोकांची घरं फिरून बघता, लोकांची जाती-पाळणे बघता, आणि आपली वस्तू मागितली की नाही? तुम्ही गवऱ्या रचत होता. मान वर न करता म्हणालात, "लोक बघून जातात, भाऊजी. आपण पुजतो. खंडेनवमीला तिकडं तिला कोण विचारणार? हळद नाय, कुंकू नाय, निवद नाय. उपाशी राहील ती."

खंडेनवमीला मोटेची पूजा मी लहानपणापासून बघत होतो. आबा होते तोवर ते करायचे. विहिरीवर मोटार बसली आणि मोट खुंटीला गेली, तरी कुदळ, खुरपी, विळे यांच्या ओळीत ती मधोमध असायची. तिला तेल लावायचं, धुऊनपुसून झेंडूची माळ घालायची, नैवेद्य दाखवायचा. आबा गेल्यावर दादांनी ते तुमच्यावर सोपवलं. तुम्ही सांगायचात, लग्न होऊन आलात तेव्हा मोट चालू होती, आबा बैल हाकायचे, आणि मोटेनं ओतलेलं पाणी पाटातून येईल ते वाफ्यांत वळवायला नव्या सुनेला उभं केलं होतं. "माहेरची आठवण यायची, पण पाणी यायचं थांबायचं नाय. रडायला टाईमच नाय दिला तिनं." म्हणून ती तुमची कोणीतरी होती. हे मला तेव्हा कळत होतं, तरी मी म्हणायचो, "वहिनी, तुम्ही एकट्या पुजता. तिथं चार माणसं पुजतील." तुम्ही म्हणायचात, "चार माणसं कुणाचीच नसतात."

मग तुमचा निश्चय मोडला कशानं? माझ्या बोलण्यानं नाही. संजूचा कॉलेजातला मित्र घरी आला, गोठ्यात डोकावून त्यानं विचारलं, हे काय टांगलंय? संजू म्हणाला, "काय माहीत, पाण्याची जुनी पिशवी आहे." तुम्ही दारातच होता. संध्याकाळी भाकरी थापताना मला म्हणालात, "द्या ती मोट. माझ्याच पोराला तिचं नाव म्हाईत नाय." थोड्या वेळानं पुन्हा म्हणालात, "पण खंडेनवमीला मी जाणार. नाय म्हणाल्या तर मोट नाय." विद्या मॅडम लगेच हो म्हणाल्या. त्यांना तरी काय कल्पना!

तुम्ही मोटेची ओटी भरलीत, वहिनी. टेम्पोत ठेवण्याआधी खण, नारळ, तांदूळ. लेक सासरी धाडावी तशी. टेम्पोवाला माझ्याकडे बघत होता आणि मी आभाळाकडे. पुढं बसायला जागा असताना तुम्ही मागं मोटेशेजारी बसून पंचवटीपर्यंत आलात.

पहिल्या खंडेनवमीला आमच्या कारखान्यात यंत्रांना हार घालून सुट्टी झाली, हार अर्थात तुमच्याच झेंडूचे, आणि मी तुम्हाला घेऊन गेलो. तुम्ही मोटेला हळदकुंकू लावलंत, माळ घातलीत, आणि गूळभाताचा नैवेद्य केळीच्या पानात बांधून तिच्या तोंडातून आत सरकवून दिलात, कुणी रागावून काढून टाकू नये म्हणून. कुणाला सांगितलं नाहीत. मलाही नाही. पुढल्या वर्षी तेच. त्यानंतर कधीतरी विद्या मॅडमचा फोन आला, शेजारच्या दुकानात, आणि तुम्ही धावत गेलात. मोटेत उंदीर शिरले होते. गुळाच्या वासानं आले आणि चामड्याची कड कुरतडून गेले.

आपण तिथं पोचलो. मला वाटलं होतं तुम्ही विद्या मॅडमवरच उलटाल, म्हणाल की राखायला दिली होती, उंदरांना नाही. तुम्ही त्या कुरतडलेल्या कडेजवळ उकिडव्या बसलात आणि म्हणालात, "ह्ये मी केलं." विद्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी. त्या म्हणाल्या, अहो, कुंकवाचे डागही पडलेत, पण तुम्हाला कसं सांगायचं म्हणून गप्प होते. ते घर चालवणाऱ्या मंडळींची बैठक झाली आणि निरोप आला. वस्तूची पूजा यापुढं नाही. मान्य नसेल तर वस्तू सन्मानानं परत न्यावी. त्यांचंही चुकत नव्हतं. घर भरून लोकांच्या वस्तू, एकाच्या नैवेद्यानं सगळ्यांच्या वस्तूंत उंदीर घालायचे का?

दादा म्हणाले, आण परत. मी म्हटलं, राहू द्या, पूजा सोडा. शेवटी दादांचं चाललं. टेम्पो घेऊन आपण गेलो. माणसं मोट उचलायला वाकली तेव्हा तुम्ही "थांबा जरा" म्हणालात आणि उंबऱ्यात बसलात. बसल्या बसल्या कनवटीची पिशवी काढलीत, पान लावायला. पिशवीतून सुपारी काढून हातात घेतलीत आणि तशाच तिच्याकडं बघत राहिलात.

"ताई," तुम्ही विद्या मॅडमना म्हणालात, "मला टायफॉईड झाला व्हता तवा घरी सत्यनारायण व्हता. मी दवाखान्यात. मंग ह्यांनी कंबरेला सुपारी खोचली आन् पूजेला बसले. माझ्या जागी सुपारी. देवाला चालली, भटाला चालली, सगळ्या गावाला चालली." मग तळहातावरची सुपारी मोटेच्या दिशेनं पुढं केलीत. "मी सुपारीत मावती, तर ही का नाय मावणार?"

वहिनी, त्या क्षणी मला तुमचा जो अभिमान वाटला, तो मी तुम्हाला कधी सांगितला नाही. दीरानं भावजयीला असं काही सांगायची आपल्यात पद्धत नाही. आता सांगतो. लेथवर काम करताना एखादा नग वर्षानुवर्षं नीट बसत नसतो, आणि एक दिवस कुणीतरी तो सहज फिरवतं आणि तो बसतो, तसं मला झालं. विद्या मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी तुमचे हात हातात घेतले. टेम्पो रिकामा परत आला.

मग ठरलं ते असं. मोट तिच्या जागी, कुणी शिवायचं नाही. बाहेर ओसरीवर पाट मांडायचा, पाटावर तांदळाची रास, राशीवर मोटेच्या नावाची सुपारी. हळदकुंकू सुपारीला, माळ सुपारीला, नैवेद्य सुपारीला. प्रसाद ओसरीवरच वाटून खायचा आणि जाताना ओसरी झाडून, पुसून जायचं. झाडायचं काम तुम्ही स्वतःकडं घेतलंत. आणि आणखी एक अट घातलीत. कुरतडलेली कड झाकायची नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, बाईनं नैवेद्य आत ठेवला म्हणून उंदीर आले. "पुन्यांदा कुणी असं करू नये म्हणून," असं तुम्ही म्हणालात. स्वतःची चूक अशी मांडून ठेवायला छाती लागते. शाळांची पोरं यायची, विद्या मॅडम गोष्ट सांगायच्या, पोरं खिदळायची, आणि तुम्ही असलात तर तुम्हीही त्यांच्यात खिदळायचात. "तीच मी," म्हणायचात.

दोन वर्षं पाटावर आपली एकच सुपारी होती. तिसऱ्या वर्षी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले, ज्यांनी आजोळचा कंदील दिला होता. जन्मभर वीज केली आणि दान दिला कंदील, म्हणून तुम्ही त्यांना चिडवायचात. त्यांनी विचारलं, माझ्या कंदिलाची सुपारी मांडू का? मग पेठकडचे सोमाबाबा. डोंगरातले, भात-नागलीवाले, पावसाळा सरला की मजुरीला खाली उतरणारे. भाताच्या लावणीत डोक्यावर घ्यायचं बांबूचं आणि पानांचं इरलं त्यांनी दिलं होतं. मग कुणाचं धान्याचं माप, कुणाचा पाळणा. सिंहस्थ आला आणि गेला तोवर खंडेनवमीला त्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. वस्तू दिल्या की लोक पुन्हा कधी फिरकत नाहीत, असं संग्रहालयांचं असतं म्हणे. इथं लोक वर्षाकाठी आपल्या वस्तूला भेटायला येऊ लागले, लेकीला भेटायला जावं तसे. बाहेरगावचे लोक ते बघायला येत. एकदा त्या मंडळींनी तुम्हाला दोन शब्द बोलायला उभं केलं. तुम्ही म्हणालात, "सगळ्यांनी परसाद बाहेरच खा," आणि बसलात.

एवढं सगळं झालं तरी आपलं भांडण काही मिटलं नाही. परत येताना स्कूटरवर मी म्हणायचो, "बघा, चार माणसं पुजतात की नाही?" तुम्ही मागून ओरडायचात, कारण वाऱ्यात ऐकू यायचं नाही, "आपापली पुजतात! आपण नाय आलो तर आपल्या मोटेला कोन बगंल? माझ्या माघारी बगा तुमी. एक वरीस घरात अडचण आली, की पाटावर तिची जागा मोकळी!" मी म्हणायचो, नाही राहणार. तुम्ही म्हणायचात, राहील. पेठ नाक्यापासून मखमलाबादपर्यंत हेच. कधी कधी तर मला वाटायचं, आपण दोघं पूजेसाठी जातच नाही, परतीच्या या भांडणासाठी जातो.

आणि तुम्ही गेलात ती सर्वपित्री अमावास्या. सकाळी शेवंतीच्या वाफ्यात खुरपायला बसलात त्या उठलाच नाहीत. लोक म्हणाले, चांगल्या दिवशी गेली. मला दिवस चांगला वाटला नाही, कुठलाच वाटला नसता. दुसऱ्या दिवशी गावात घट बसले, आपल्या घरात बसले नाहीत. मळ्यात झेंडू ऐन भरात, दसरा तोंडावर, आणि दादा बांधावर बसून नुसते बघायचे. शेवटी शेजारच्या मळेवाल्यांनीच तोडणी केली.

बोटांवर हिशोब केला तेव्हा माझ्या लक्षात आलं, तुमचा दहावा येतो तो नेमका खंडेनवमीला. घर सुतकात. पूजा आपल्याला चालत नाही, कुणाच्या पूजेत जाणंही चालत नाही. वहिनी, तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. घरात अडचण आली, आणि ती अडचण तुम्हीच. मी कुणाला काही सांगितलं नाही. विद्या मॅडम भेटायला आल्या होत्या, त्यांनाही सुपारीचा विषय काढला नाही. तुमच्या माघारी कुणाला गळ घालून पाटावर सुपारी मांडून घेतली असती, तर ती माझी लबाडी झाली असती. तुम्ही जिंकणार असाल तर जिंका, असं म्हणालो मनात.

कावळा शिवला, मंडळी पांगली. संजू दादांना घरी घेऊन गेला. घाटापासून पंचवटीतलं ते संग्रहालय काही लांब नाही. मी ओल्या धोतरानं चालत गेलो आणि समोरच्या बाजूला, बंद दुकानाच्या पायरीशी उभा राहिलो. आत जाणं शक्य नव्हतं. ओसरी रस्त्यावरून दिसते. गर्दी होती. पाट दिसत नव्हता, माणसांच्या पाठी दिसत होत्या. मग कुणीतरी बाजूला सरलं, आणि पाटासमोर पूजेला बसलेले सोमाबाबा दिसले. त्यांच्यापुढं तांदळाच्या दोन राशी होत्या.

विद्या मॅडमनी मला पाहिलं. त्या रस्ता ओलांडून आल्या, पण जवळ येऊन थांबल्या. त्यांच्या मागून सोमाबाबा आले, हाताला हळद लागलेली. मी म्हटलं, "बाबा, लांब राहा, सुतक आहे."

"तुमाला सुतक हाय," सोमाबाबा म्हणाले. "मोटंला काय हाय?"

ते पुढं म्हणाले, मागं दोन वर्षं ते कुटुंबकबिल्यासह मजुरीला लांब गेले होते, खंडेनवमीला येता आलं नाही. परत येऊन विद्या मॅडमना विचारलं, माझं इरलं तसंच राहिलं का? मॅडम म्हणाल्या, नाही, मोटेच्या बाई दोन सुपाऱ्या मांडून गेल्या, दोन्ही वर्षं. "बाईनं माजं इरलं उपाशी ठिवलं नाय," सोमाबाबा म्हणाले. "आमी तिची मोट ठिवू?"

वहिनी! म्हणजे तुम्ही हे करत होता, आणि वर माझ्याशी स्कूटरवर भांडत होता की लोक आपापलीच पुजतात? मी शेजारी उभा असायचो, मला वाटायचं एखादी जास्तीची सुपारी असेल. बायकांच्या पूजेत मोजायला कोण बसतं. तुम्हाला उत्तर ठाऊक होतं. उत्तर तुम्हीच घडवत होता, आणि तरी दर वर्षी पेठ नाक्यावर भांडण सुरू करायचात. कशासाठी? मी गप्प बसेन आणि वाट सुनी जाईल म्हणून? हे विचारायचं राहिलं, ते राहिलंच.

मी तिथंच रस्त्याच्या कडेला उभा राहून आरती ऐकली. मला रडू आलं, पण खरं सांगतो, त्यात निम्म्याहून जास्त अभिमानाचं होतं. सातवीत शाळा सुटलेल्या, जुन्या घरांत हात पाठीमागं बांधून फिरणाऱ्या आमच्या वहिनींनी एका मुक्या घराला माणसांत आणलं होतं. नंतर ओसरी झाडायला कोण उठतं ते मी बघत होतो. विद्या मॅडमनी पदर खोचला आणि झाडू घेतला.

घरी आलो. दादा ओट्यावर बसले होते, दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं. "मोटेचं काय झालं रे?" मी सगळं सांगितलं. त्यांनी गोठ्यातल्या रिकाम्या खुंटीकडं पाहिलं. मग म्हणाले, "घरी असती तर यंदा तशीच लटकून राहिली असती. घराबरोबर तिलाही सुतक."

म्हणजे मी जिंकलो, वहिनी. इतक्या वर्षांचं भांडण, दादांनीच निकाल दिला, तोही माझ्या बाजूनं. परवा पेठ नाक्यावरून स्कूटरवर एकटाच घरी येत होतो. नाका ओलांडल्यावर सवयीनं वेग कमी केला, मागचं ऐकू यावं म्हणून, आणि मोठ्यानं म्हणालो, "बघा, राहिली का उपाशी?"